मरळीसाठी बांधलेली माशी

आधीच सांगून टाकते: मला मासे खाण्यापेक्षा पकडण्यात जास्त रस आहे, आणि पकडण्यापेक्षाही फसवण्यात. गळाला गांडूळ लावून बसणं मला जमत नाही. त्यात आपलं काय कर्तृत्व? जे काय करायचं ते गांडुळानं करायचं, आपण नुसतं काठावर बसून जांभया द्यायच्या. पण लोखंडी गळावर कोंबड्याची चार पिसं, थोडा धागा, थोडी चमक बांधायची आणि पाण्यातल्या एका हुशार जनावराला पटवून द्यायचं की हा बेडूक आहे, खाऊन टाक, यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशात सापडली नाही. लग्नात सापडली असती का, ते माहीत नाही. ते मी केलं नाही आणि तो विषय मी इथे उघडणारही नाही.

अशा पिसं बांधलेल्या गळाला फ्लाय म्हणतात. डोक्याशी शिसं ओतलेला जड गळ घेतला की त्याची जिग होते. आमच्या घरात दोन्हींना माशीच म्हणतात. ते नाव बाबांनी पाडलं, आणि बाबांनी पाडलेलं नाव बदलायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी नागपुरात एका पॅथॉलॉजीत कामाला आहे. सकाळी सहापासून स्कूटीवर घरोघर फिरते आणि लोकांचं रक्त काढते. ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही अशा आजीआजोबांकडे मलाच पाठवतात. त्यामुळे आपला हात हलका, नजर बारीक, असा माझा माझ्याबद्दल भलताच समज होता. मोबाइलवर एक माणूस गळाला पिसं बांधताना पाहिला तेव्हा वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. दुसऱ्याच दिवशी इतवारीत जाऊन टेबलाला लावायचा छोटा लोखंडी शिकंजा आणला, त्यात गळ घट्ट अडकवला आणि शिवणकामाच्या दोऱ्यानं पहिली माशी बांधली. दीड तास लागला. तलावावर नेऊन पाण्यात टाकली तर तिसऱ्या फेकीला नुसता गळ परत आला. पिसं आपापल्या वाटेनं तरंगत निघून गेली होती.

तरी मी हटले नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्यातली गत. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकंजा लावायचा आणि धागा तोडायचा.

हे सगळं बाबा पलंगावरून, पेपराआडून पाहायचे. आता बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबांनी उभा जन्म हातमागावर साड्या विणल्या. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा घराघरातून मागाची खटखट यायची. मी त्या आवाजात पाढे पाठ केले आणि त्याच आवाजात झोपले. आई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर रहाटानं सूत गुंडाळून द्यायची. मग एकेक घर शांत होत गेलं. कुणी ऑटो घेतला, कुणी दुकानात लागलं, कुणी माझ्यासारखं सुया टोचू लागलं. आई गेली. आमचा माग गल्लीत सगळ्यात शेवटी थांबला. त्याची लाकडं बाबांनी स्वतः उकलली, उरलेलं रेशीम, सूत, जर एका पत्र्याच्या पेटीत भरली, पेटीला कुलूप घातलं आणि त्या दिवसापासून धाग्याला हात लावला नाही.

हात लावला नाही म्हणजे अगदी खरोखर नाही. शर्टाचं बटण तुटलं की तो शर्ट मागे पडायचा. नाडीचा पायजमा जाऊन इलॅस्टिकचा आला. लेसचे बूट जाऊन चपला आल्या. नागपुरात संक्रांतीला मांज्याला कुणी नाही म्हणत नाही. पण गल्लीतली पोरं तुटलेला मांजा घेऊन गाठ मारून मागायला आली तर बाबा त्यांना "मले नाही येत" म्हणून वाटेला लावायचे. पोरं त्यांच्याकडेच का यायची, तर बाबांची गाठ. मागावर ताण्याचा धागा तुटला की दोन टोकं बोटांत धरून पापणी लवायच्या आत जोडायची, उरलेली शेपटं दातांनी अगदी मुळाशी तोडायची, आणि ती गाठ फणीच्या बारीक दातांतून कुठेही न अडकता निघून जायची. कापडात ती शोधून सापडायची नाही. त्या गाठीचा बाबांना साड्यांहून जास्त अभिमान होता. आणि तोच माणूस आता बटण लावायला तयार नव्हता.

मला त्याचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. पण बाबांना बरं करावं म्हणून मी माशा बांधायला घेतल्या, असं कुणी समजू नये. एवढी थोर मी नाही. मला मरळ हवी होती.

मरळ म्हणजे काळसर, सापासारख्या डोक्याची दांडगी मासोळी. गाळात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते. वरून बेडूक चालला की अशी काही उसळी मारते की काठावर बसलेल्याच्या हातातला चहा सांडतो. माझा दोनदा सांडला आहे. एकदा तो आवाज ऐकला की माणूस कामातून जातो.

तर अशाच एका संध्याकाळी माझा धागा सातव्यांदा तुटला आणि मी पॅथॉलॉजीत ऐकू येत नाहीत असे दोनचार शब्द उच्चारले.

"ओढून काहून राह्यली वं?" पलंगावरून आवाज आला.

"ओढल्याशिवाय बसतच नाही ना बाबा ते."

"धागा ओढाचा नसते. धराचा असते."

"मंग या, दाखवा."

"मले नाही येत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येत नसन तं बोलू नका! इथं मले घाम फुटून राह्यला आन् तुम्ही तिथून हुकूम सोडून राह्यले!"

पेपर खाली आला. मग चपलांचा आवाज आला आणि बाबा माझ्या खांद्यावरून वाकले. चष्मा पुढे ओढून त्यांनी शिकंज्यातल्या त्या बिचाऱ्या वस्तूकडे नीट पाहिलं.

"हे कोणं बांधलं?"

"मीच."

"दिसते," ते म्हणाले आणि त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं.

त्यांनी दोन बोटांत धाग्याचं टोक धरलं. त्यांनी माझे सगळे वेढे उलटे फिरवून सोडवले, पिसं झटकून पुन्हा जुळवली आणि गळाच्या दांडीवर धागा बसवायला सुरुवात केली. एकाला लागून एक वेढा, मध्ये फट नाही, एकावर एक चढणं नाही. नाचावंसं वाटत होतं, पण मी भिंतीला टेकून गप्प उभी राहिले, कारण माझ्या एका शब्दानं ते उठून जातील अशी मला भीती वाटत होती.

आठदहा वेढ्यांनंतर ते थांबले. "ह्या दोऱ्यात काही दम नाही," म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळामागून किल्ली काढली आणि पत्र्याच्या पेटीचं कुलूप उघडलं. काळ्या रेशमाची एक भरलेली कांडी बाहेर आली, मग जरीची लडी. कांडी त्यांनी शिकंज्याखाली लोंबती सोडली. तिच्या वजनानंच धागा हवा तेवढा ताणलेला राहायला लागला. ना ओढायची गरज, ना सोडायची. मोबाइलवरचा माणूस त्यासाठी परदेशी हत्यार वापरत होता.

त्या संध्याकाळपासून मला एक गोष्ट मरळीइतकीच हवीशी वाटायला लागली: बाबांच्या हातातून धागा पुन्हा सुटू नये. मनातल्या मनात मी देवाला दोन्ही मागितल्या आणि कुठली आधी ते त्याच्यावर सोडलं.

मग जे काही सुरू झालं त्याला वेड म्हणतात. बाबांनी माझं सामान तपासलं आणि सगळं नापास केलं. ब्रॉयलर कोंबडीची पांढरी पिसं त्यांनी फुंकर मारून उडवली. "हे तं कापूस हाय." गावरान कोंबड्याच्या मानेचीच पिसं पाहिजेत, लांब, लवचिक, तांबडी-काळी. त्यासाठी ते बाजाराच्या दिवशी सकाळीच कोंबडेवाल्याकडे जाऊन उभे राहायचे आणि दुसऱ्यांनी घेतलेल्या कोंबड्याची मान मागायचे. एका गिऱ्हाइकानं घाबरून विचारलं, "काका, कोण्या मांत्रिकानं सांगतलं का काही करायले?" बाबा म्हणाले, "नाही गा. मासोळीले बेडूक करून द्याचा हाय." तो माणूस कोंबडा न घेताच गेला.

डोळ्यांसाठी काळे मणी हवे होते. गांधीबागेत बाबा कितीतरी वर्षांनी माझ्या स्कूटीवर मागे बसून आले. ज्या गल्ल्यांमध्ये त्यांनी साड्यांची गाठोडी पोचवली, तिथे ते एका मण्यांच्या दुकानात अर्धा तास उभे होते आणि चिमूटभर मण्यांसाठी दुकानदाराला सगळे डबे उघडायला लावत होते. परत येताना म्हणाले, "दोन मणी मोठे वाटते मले. बेडूक रागावल्यावानी दिसन." मी इतकी हसले की स्कूटी बाजूला घ्यावी लागली.

तयार माशीची परीक्षा बाथरूममधल्या बादलीत व्हायची. बाबा मोरीवर उकिडवे बसायचे, दोरीनं माशी पाण्यात खालीवर करायचे आणि पिसं कशी उघडतात, मिटतात ते पाहायचे. कोरडी असताना झाडूच्या तुकड्यासारखी दिसणारी ती वस्तू पाण्यात गेली की पाय मारायला लागायची. "पाह्य, पाह्य!" ते ओरडायचे. "पोटाशी जर चमकली का नाही?" मी दाराशी, ते आत, आणि दोघांचे चेहरे लग्नघरातल्यासारखे. आंघोळीला उशीर, कामाला उशीर, सगळ्याला उशीर.

मासेमारीला मी कुहीकडच्या एका मामा तलावावर जाते. मालगुजारांच्या काळात धानासाठी बांधलेल्या तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी म्हणून मामा. हा तलाव ढिवरांच्या सोसायटीकडे आहे आणि त्यांच्यातले एक काका त्याची राखण करतात. पन्नाशी ओलांडलेले, हडकुळे, पाण्यात उभे राहून पाय पांढरे पडलेले. पिढ्यान्पिढ्या मासेमारीच करणाऱ्या या काकांनी मला पहिल्या दिवशी एकच अट घातली होती: "पिल्लं घेऊन फिरून राह्यली त्या मरळीले हात लावाचा नाही. बाकी त्या कोपऱ्यात तुमचा गळ टाका, ताई." माझा रॉड आणि रीळ पाहून ते गालात हसायचे, पण कधी बोलले नाहीत.

बाबांची पहिली माशी घेऊन मी एकटीच गेले होते. तिला एक वीतभर मासोळी लागली. मी फोटो काढला, मासोळी सोडली आणि फोटो मिरवत घरी आले. बाबांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. "माशी दाखव," म्हणाले. खिडकीच्या उजेडात धरून, उलटी करून, त्यांनी ती तपासली, कापडात तुटलेला धागा शोधावा तशी. "मानेजवळचा एक वेढा सुटला. दात लागला असन." मग अगदी सहज, चहा मागावा तसं, "पुढच्या रविवारी मी येतो. कोणत्या बाजूनं धरते ते पाहा लागते."

त्या आठवड्यात त्यांनी एक खास माशी बांधली, शिशाच्या डोक्याची. अंग काळ्या रेशमाचं, पोटाशी जर, मागे तांबडी पिसं, आणि बाजूला दोन आखूड पिसांचे पाय. चार दिवस लागले. मी हात लावायला गेले तर हातावर चापट बसली.

होळीच्या आधीचा रविवार. पाचगाववरून कुहीच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होतं. धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, मागून पेरलेली लाखोळीची डाळही काढून झाली होती. बाबांनी माझं दुसरं हेल्मेट घातलं होतं आणि मागून सतत "हळू चालव वं" म्हणत होते, पण त्यांचा पाय स्कूटीवर ताल धरून होता. तलाव आरशासारखा निवांत पडला होता, कडेला कमळाची पानं, पलीकडे बेशरमाची झुडपं. काकांनी बाबांना रामराम केला, आणि दोघं एकमेकांचे हात पाहत दोन मिनिटं उभे राहिले.

पहिल्याच फेकीला मी बावळटपणा केला. माशी बेशरमात अडकली. मी हिसका दिला आणि दोरी तुटली. कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रिळावर असते ती वेणीसारखी विणलेली मजबूत दोरी. तिच्या टोकाला हातभर पारदर्शक नायलॉन जोडायचं, म्हणजे मासोळीला काही दिसत नाही. या नायलॉनच्या टोकाला माशी. आमचं तुटलं होतं ते नायलॉन. काका पाण्यात उतरून माशी काढून द्यायला गेले, त्यांच्या मागे चिखलात मी. माशी घेऊन परत आले तर बाबांनी पिशवीतून नायलॉन काढून दोरीला जोडूनही टाकलं होतं.

त्यांच्या गाठीनं. मी पोचले तेव्हा ते शेपटं तोडत होते, दातांनी, अगदी मुळाशी. जित्याची खोड. मग गाठीवरून बोट फिरवून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "पाह्य. सापडते का?"

सापडत नव्हती. आणि मला माहीत होतं. नायलॉन गुळगुळीत असतं, सुतासारखं स्वतःला धरत नाही. त्याला पाचसहा पिळांची गाठ लागते आणि शेपूट थोडं राहू द्यावं लागतं, नाहीतर ओल्यात, ताणात ती सरकते. मी मोबाइलवरून शिकलेली गाठ शंभर वेळा मारून पाहिली होती. पण बाबांचा चेहरा! इतक्या वर्षांनी त्यांनी कुणाला तरी स्वतःची गाठ दाखवली होती. मी म्हणाले, "वा, बाबा." आणि माशी बांधून रॉड त्यांच्याच हातात दिला.

फेकायला मी त्यांना आठवडाभर घराच्या गच्चीवर शिकवलं होतं. दोन फेकी आखूड पडल्या. तिसरी कमळाच्या पानांच्या अगदी कडेला पडली, आणि बाबांनी ती बादलीतल्यासारखीच हलवली, दोन झटके, एक थांबा, दोन झटके.

पाणी उसळलं.

असा आवाज झाला की पलीकडचे बगळे उडाले. रॉड अर्धा वाकला. "अरे! अरे बापरे!" बाबा ओरडले. "बाबा, वर धरा! वर!" मी किंचाळत होते. "ढील द्या, भाऊ, ढील द्या!" काका जाळी घेऊन पाण्यात धावत सुटले. रीळ करकरत होतं. मासोळी एकदा पूर्ण बाहेर आली आणि मी तिला पाहिलं: हातापेक्षा लांब, काळी, ओली, आणि जबड्याच्या कोपऱ्यात तांबडं पीस. बाबांची चप्पल चिखलात राहिली, ते अनवाणी पुढे सरकत होते, हसत होते, रडत होते की काय कोण जाणे, आणि मी त्यांचा शर्ट मागून धरून उड्या मारत होते. आयुष्यात इतकं सुख मी क्वचितच अनुभवलं आहे. ती काकांच्या जाळीपासून दोन हातांवर आली. एक हात.

आणि दोरी सैल झाली.

मी टोक ओढून हातात घेतलं. तुटलेलं नव्हतं. वेणीच्या दोरीच्या टोकाला नुसता एक छोटा वळसा राहिला होता, जिथे गाठ होती तिथे. नायलॉन सरकून निघून गेलं होतं, माशी घेऊन, मरळ घेऊन.

"गेली!" मी ओरडले. "तुमच्या त्या गाठीपायी गेली! ही का साडी हाय, बाबा? किती वेळा सांगतलं, इथं ते चालत नाही म्हणून!"

एकदाही सांगितलं नव्हतं. मला ते बोलतानाच कळत होतं. काका जाळी धरून पाण्यात तसेच उभे राहिले आणि दुसरीकडे पाहू लागले. बाबांनी रॉड माझ्या हातात दिला, चिखलातून चप्पल शोधून काढली, पाण्यात धुतली आणि घातली. परतीच्या रस्त्यावर "हळू चालव" सुद्धा म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी शिकंज्याखाली लोंबणारी कांडी काढली, पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. मी स्वयंपाकघरात होते. त्या कुलपाचा आवाज मला अजून ऐकू येतो. बोलायला गेले तर तोंडातून "भाजी कोणती करू?" एवढंच निघालं. "कोणतीबी," ते म्हणाले. सोमवारी ते दिवसभर पलंगावर पेपर वाचत होते, आणि पेपर रविवारचाच होता. मरळ मला कधीतरी पुन्हा मिळेल. पण बाबांच्या हातातला धागा मी स्वतः ओरडून सोडवला होता. मी एवढी वर्षं लोकांना न दुखवता सुई टोचायची कला शिकले, आणि घरच्या माणसाला ही अशी टोचली.

मंगळवारी मी कामावरून दुपारी आले तर घराला कुलूप. बाबा कुठे सांगून गेले नव्हते. फोन घरातच चार्जिंगला. शेजारी विचारलं, चौकात पाहिलं, देवळात पाहिलं. शेवटी काय वाटलं कोण जाणे, तलावावरच्या काकांना फोन लावला.

"आत्ताच बसवून देल्लं त्याइले यष्टीत," काका म्हणाले. "सकाळीच आलते."

"काहून आलते, काका?"

"ते त्याइलेच इचारा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीनच्या सुमारास बाबा आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, डोक्यावर काकांचा गमछा. पाणी प्यायले, खुर्चीत बसले.

"दोरी आण. आन् नायलॉन."

मी आणून दिलं. त्यांनी दोन्ही टोकं बोटांत धरली आणि सावकाश, ओठ हलवत, मोजत, पीळ घालायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. टोक मागे आणून फटीत घातलं. गाठ जिभेनं ओली केली, हळूच आवळली. मग कात्री मागितली, दात वापरले नाहीत. शेपूट कापलं, पण तांदळाएवढं राहू दिलं. त्या तांदळाएवढ्या तुकड्याकडे ते क्षणभर नाराजीनं पाहत राहिले.

"ओढ."

मी एक टोक धरलं, दुसरं त्यांनी.

"तशी नाही. जोरानं ओढ."

मी ओढलं. नायलॉन बोटात रुतलं. गाठ हलली नाही.

"सकाळपासून पन्नास तरी मारल्या," बाबा म्हणाले. "मी मारली का तो ओढून सोडवे. मी मारली का तो सोडवे. म्हणे, भाऊ, हात सोन्याचा हाय तुमचा, सवय तेवढी वंगाळ हाय."

ज्या माणसाकडे अख्खी गल्ली गाठ मारून घ्यायला यायची, तो चिखलात बसून एका ढिवराकडून गाठ शिकून आला होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "बाबा, मी त्या दिवशी..."

"सोडू नको, ओढत राह्य," ते म्हणाले. मी रडत रडत ओढत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "एक सांग. मी शेपूट तोडलं तवा तू पाह्यलं होतं ना?"

"हो."

"आन् तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही खुशीत होते, बाबा."

त्यांनी माझ्या हातातलं टोक सोडवून घेतलं, घड्याळामागची किल्ली काढली आणि पेटीकडे निघाले.

"पुढच्या बारीनं सांगजो," पेटीपाशी वाकून ते म्हणाले. "माह्यी खुशी गेली तं चालन. मासोळी नाही गेली पाह्यजे. उद्या सुट्टी टाक."

मी तिथेच उभी राहून पॅथॉलॉजीत फोन लावला.